हाथोरपुढचा नाद : प्राचीन इजिप्तमधील सिस्ट्रम

सिनुहे नावाचा एक दरबारी राजाच्या मृत्यूची बातमी ऐकून घाबरला आणि इजिप्त सोडून पळाला. सीरियाच्या बाजूला त्याने घरदार केले, मानमरातब मिळवला, पण म्हातारपणी त्याला मायदेशाची ओढ लागली. नवा राजा पहिला सेनुस्रेत याने त्याला परत बोलावून घेतले. तो दरबारात आला तेव्हा त्याचा अवतार पाहून राणी आणि राजाची मुले ओरडलीच. हा सिनुहे आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. मग राजकन्यांनी बरोबर आणलेले मण्यांचे हार आणि सिस्ट्रम नावाची वाद्ये राजासमोर धरली आणि या माणसाला अभय द्या म्हणून गाऱ्हाणे घातले. राजाने अभय दिले. सुमारे ३,९०० वर्षांपूर्वी रचलेली ही कथा इजिप्शियन साहित्यात सर्वांत गाजलेली आहे.

वेस्टकार पपायरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कथासंग्रहातही हे वाद्य भेटते. रुद्देदेत नावाची स्त्री प्रसूतिवेदनांनी तळमळत असते. तिच्या पोटी तीन भावी राजे जन्मणार असतात. इसिस, नेफ्थिस, मेस्खेनेत आणि हेकेत या देवी नाचणाऱ्या बायकांच्या ताफ्याचे सोंग घेऊन तिच्या दाराशी येतात. बाहेर तिचा नवरा हवालदिल होऊन उभा असतो.  देवी आपले हार आणि सिस्ट्रम त्याच्यापुढे धरतात, आम्हाला प्रसूतीतले कळते असे सांगतात, आणि तो त्यांना आत सोडतो.

दोन्ही कथांत सिस्ट्रमवर कोणी गाणे धरत नाही, कोणाची करमणूक होत नाही. एकीकडे राजाचा कोप टळतो, दुसरीकडे बाळंतिणीच्या खोलीचे दार उघडते. सिस्ट्रमबद्दल जे जे लिहिले गेले आहे त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे : हातात धरून खुळखुळवायच्या या वस्तूने नेमके काय साधायचे होते? गेल्या शंभर वर्षांत अभ्यासकांनी त्याची बरीच वेगवेगळी उत्तरे दिली. ती सगळी सारख्या वजनाची नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी वस्तू कशी होती ते पाहू. सिस्ट्रमला खाली मूठ आणि वर चौकट असते. चौकटीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर छिद्रे पाडलेली असतात. त्यांतून तीन-चार धातूच्या सळया आडव्या ओवतात. छिद्र सळईपेक्षा मोठे ठेवायचे आणि सळईची टोके वाकवायची, म्हणजे सळई सरकते पण निसटत नाही. कधी सळयांत पातळ चकत्याही ओवलेल्या असतात. वाद्य हलवले की सळया चौकटीवर आपटतात, चकत्या एकमेकींवर घासतात. भरताच्या नाट्यशास्त्रातील वाद्यांच्या चार वर्गांपैकी हे सरळसरळ घनवाद्य. त्यातून सूर निघत नाही, सळसळ आणि छणछण निघते.

चौकटीचे दोन घाट होते. एकात वरचा भाग छोट्या देवळाच्या दर्शनी भागासारखा चौकोनी असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेटोळी. या घाटाला सेशेशेत म्हणत. दुसरा घाट घोड्याच्या नालासारख्या उभट कमानीचा, त्याला सेखेम म्हणत. प्रत्यक्ष वाजवायला कमानीचे कांस्य वाद्य सोयीचे होते. देवळाच्या घाटाची सिस्ट्रम पुष्कळदा फेअन्सची, म्हणजे गारगोटीची भुकटी भाजून निळी-हिरवी झिलई चढवलेली असत. अशी वस्तू रोज जोराने हलवली तर महिनाभरही टिकणार नाही. दोन्ही घाटांत मूठ आणि चौकट जिथे जुळते तिथे एक चेहरा असतो : बाईचा, पण कान गाईचे. ही हाथोर. प्रेम, संगीत, मद्य, प्रसूती आणि परलोकात गेलेल्यांचे स्वागत, एवढ्या सगळ्यांची ही देवी.

हा चेहरा हाथोरच्याही आधीचा असावा. वरच्या इजिप्तच्या सातव्या प्रांतात बात नावाच्या गोदेवीची उपासना होती, आणि त्या प्रांताचे चिन्हच सिस्ट्रमच्या आकाराचे होते. इ.स.पू. ३१०० च्या सुमाराच्या नारमेर राजाच्या प्रसिद्ध पाटीवर वरच्या दोन कोपऱ्यांत गाईची शिंगे-कान असलेले जे चेहरे आहेत, ते बातचेच असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे हाथोरने बातला आपल्यात सामावून घेतले आणि तिचे चिन्हही घेतले. याचा अर्थ असा की वाद्यावर देवीचा चेहरा मागाहून शोभेसाठी बसवला, ही समजूत उलटी आहे. देवीचे चिन्ह आधी होते आणि वाद्याने त्याचा आकार घेतला, असे मानायला जास्त आधार आहे.

आज हाती असलेल्या सिस्ट्रमपैकी सर्वांत जुन्यांत गणले जाणारे न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सहाव्या घराण्यातला राजा तेती याचे नाव त्यावर कोरले आहे, म्हणजे ते इ.स.पू. २३०० च्या आसपासचे. ते अलाबास्टर दगडाचे आहे. मूठ पपायरसच्या देठाची, तिच्यावर उमललेला पपायरसचा तुरा, आणि त्यावर देवळाच्या आकाराची चौकट. नॉर्मन डी गॅरिस डेव्हिस या अभ्यासकाने १९२० मध्ये त्यावर लिहिले तेव्हा ते लॉर्ड कार्नार्व्हनच्या संग्रहात होते. याच तेतीच्या आईचे नाव सेशेशेत होते, जे वाद्याचेही नाव आहे. सक्कारा येथे २००८ मध्ये झाही हवास यांच्या पथकाला सापडलेला पिरॅमिड तिचाच असावा, असे मानले जाते.

इथे थोडे थांबायला हवे. दगडाचे सिस्ट्रम वाजवायला कोणी करत नाही. ते देवाला वाहण्यासाठी केलेले असते. म्हणजे वाद्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपासूनच आवाजापेक्षा वस्तूला महत्त्व आलेले दिसते. पुढच्या दोन हजार वर्षांत फेअन्सची जी असंख्य सिस्ट्रम देवळांत वाहिली गेली, त्यांचेही तसेच. त्यांचा आवाज देवीने ऐकावा अशी अपेक्षा होतीच, पण तो कानाने ऐकू येण्याची गरज नव्हती. चित्रातले अन्न मृताला पुरते असे मानणाऱ्या संस्कृतीत हे विचित्र मुळीच नव्हते.

इजिप्तबाहेरही अशी वाद्ये होती. मेसोपोटेमियातल्या उरच्या राजदफनांत सापडलेल्या बैलमुखी वीणेच्या पट्टीवर प्राण्यांची मैफल कोरली आहे, आणि त्यातला एक कोल्हा सिस्ट्रमसारखे वाद्य हलवतो आहे. ते काम इ.स.पू. २५०० च्या सुमाराचे. क्रीटमध्ये हागिया त्रियादा येथे सापडलेल्या दगडी कलशावर शेतातून परतणाऱ्या पुरुषांच्या मेळ्यात एकजण सिस्ट्रम वाजवत तोंड उघडून गातो आहे, आणि त्याच बेटावर मातीची सिस्ट्रमही मिळाली आहेत. वाद्याचा शोध कोणी लावला या वादात मला फार रस नाही. सळया ओवलेली चौकट कुठल्याही कारागिराला सुचू शकते. तिच्याभोवती देवीचा चेहरा, मंदिराचा आकार आणि पूजेचा विधी इजिप्तनेच उभा केला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सर्वांत रुळलेले उत्तर पपायरसचे आहे. नाईलच्या काठच्या दलदलीत माणसाहून उंच पपायरसची दाट बने होती. हाथोर गाईच्या रूपात याच बनातून बाहेर येते, अशी श्रद्धा होती. थडग्यांतल्या चित्रांत गाईचे डोके झाडीतून पुढे आलेले दाखवतात. तिच्यासाठी पपायरसचे देठ उपटून हलवण्याचा एक विधी होता. गिझाला तिसऱ्या मेरेसांख राणीच्या थडग्यात ती आणि तिची आई दुसरी हेतेफेरेस नावेत उभ्या राहून पपायरस उपटत आहेत. सिस्ट्रमची सळसळ ही त्या बनाच्या सळसळीची नक्कल, असे हे उत्तर सांगते. मुठीला पपायरसचा आकार असल्याने त्याला बळही मिळते. पण त्यातून एवढेच कळते की आवाज कुठून आला. तो का करायचा, हे कळत नाही.

त्यासाठी हाथोरच्या दुसऱ्या रूपाकडे पाहावे लागते. 'स्वर्गीय गाईचे पुस्तक' म्हणून ओळखली जाणारी कथा तुतनखामुनच्या सुवर्णमंडित मखरावर आणि पहिल्या सेतीच्या थडग्यात कोरलेली आहे. म्हाताऱ्या झालेल्या सूर्यदेव रे याच्याविरुद्ध माणसे कट करतात. रे आपला डोळा, म्हणजे हाथोर, त्यांच्यावर सोडतो. ती संहार सुरू करते आणि थांबायलाच तयार होत नाही. शेवटी तांबड्या मातीने रंगवलेली बिअर रानभर ओततात. हाथोर ती रक्त समजून पिते, तिला नशा चढते आणि माणूसजात वाचते. हीच संहारिणी सेखमेत. प्रसन्न हाथोर आणि खवळलेली सेखमेत या एकाच शक्तीच्या दोन अवस्था, आणि पुजाऱ्यांचे रोजचे काम तिला पहिल्या अवस्थेत ठेवण्याचे. कर्नाकच्या मूत देवीच्या मंदिरात बेट्सी ब्रायन यांच्या पथकाला राणी हातशेपसुतच्या काळातल्या, मद्यपानाच्या उत्सवासाठी बांधलेल्या मंडपाचे अवशेष सापडले. तो उत्सव याच शमनाचा होता. त्याच मंदिराच्या आवारात हातशेपसुतचा विश्वासू अधिकारी सेनेनमूत याचा गुडघे टेकून हाथोरमुखी सिस्ट्रम पुढे धरलेला पुतळा होता. कोपिष्ट देवीच्या आवारात सिस्ट्रम धरून बसणे हा योगायोग नव्हे.

माझ्या दृष्टीने सिस्ट्रमचा गाभा इथे आहे : ते देवीला शांत करण्याचे साधन होते. बाकीचे अर्थ यातूनच निघतात. सिनुहेच्या कथेत राजकन्या राजाचा राग शांत करतात; राजा देव असल्याने पद्धतही देवपूजेचीच. प्रसूतीच्या वेळी, मृत्यूनंतर नव्या जन्माच्या वेळी, नव्या वर्षाच्या तोंडावर, अशा प्रत्येक नाजूक टप्प्यावर ही शक्ती अनुकूल असायला हवी, म्हणून तिथे सिस्ट्रम येते. मैर येथील मध्य राजवटीच्या थडग्यांत हाथोरच्या सेविका सिस्ट्रम आणि मणिहार मृत अधिकाऱ्यासमोर धरताना दिसतात, त्याचेही कारण हेच. वाईट शक्तींना पळवण्यासाठी सिस्ट्रम वाजवत, असा जो वेगळा सिद्धान्त मांडतात, तोही मला वेगळा वाटत नाही. आपल्याकडे पूजेच्या आरंभी घंटा वाजवताना जो श्लोक म्हणतात, त्यात देवांनी यावे आणि राक्षसांनी जावे हे दोन्ही हेतू एकाच दमात सांगितले आहेत. एकच नाद एकाला बोलावतो आणि दुसऱ्याला हाकलतो, हे समजायला मराठी वाचकाला टीकाकाराची गरज पडू नये.

सिस्ट्रमबरोबर नेहमी येणारा मणिहार म्हणजे मेनात. बारीक मण्यांच्या अनेक सरांचा जाड हार आणि पाठीवर लोंबणारे वजन. तो गळ्यात घालत तसा हातात धरून खुळखुळवतही. हाथोरचा मुलगा इही हा बालदेव चित्रांत एका हातात सिस्ट्रम आणि दुसऱ्या हातात मेनात घेऊन आईपुढे उभा असतो.

ही वाद्ये बहुतेक वेळा बायकांच्या हाती दिसतात. जुन्या राजवटीत प्रतिष्ठित घराण्यांतल्या स्त्रिया हाथोरच्या पुजारिणी म्हणून मिरवत. पुढे पुजाऱ्याची पदे पुरुषांकडे गेली आणि नव्या राजवटीत बायकांना 'अमूनची गायिका' अशी बिरुदे मिळू लागली. काहींनी याला निव्वळ मानाचे बिरुद म्हटले. खेनर नावाच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या ताफ्यांना तर जुन्या अभ्यासकांनी जनानखाना ठरवले होते. नंतरच्या संशोधनाने ते चूक ठरवले : हे कसलेल्या कलावंतांचे ताफे होते, त्यांना प्रमुख असे आणि त्यांत पुरुषही असत. मला वाटते, एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांनी वाद्य घेतलेली बाई पाहिली की तिला दासी किंवा विलासिनी ठरवले आणि त्या नजरेने सिस्ट्रमचा अभ्यास बरीच वर्षे मागे खेचला. देवीचा कोप आवरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली, त्या करमणुकीसाठी ठेवलेल्या नव्हत्या. अबू सिंबेलच्या लहान मंदिरात राणी नेफेरतारी स्वतः देवीपुढे सिस्ट्रम धरते, आणि त्याच मंदिरातल्या सहा खांबांच्या दर्शनी बाजूंवर हाथोरमुखी सिस्ट्रम कोरली आहेत.

राजा अखेनातेनच्या काळातला पुरावा फार बोलका आहे. त्याने आतेन या सूर्यबिंबाखेरीज बाकी देवांना बाजूला सारले, हाथोरलाही. पण राणी नेफेरतिती आणि तिच्या मुली सूर्यबिंबापुढे सिस्ट्रम वाजवतच राहिल्या. फक्त त्या सिस्ट्रमवरून गाईच्या कानांचा चेहरा गायब झाला. देवी नको होती, पण देवासमोर हा नाद करायचा नाही हे त्या कट्टर राजालाही जमले नाही.

या वाद्याचे सर्वांत भव्य रूप दगडात उभे आहे. देंदेरा येथील हाथोरचे मंदिर इ.स.पू. ५४ मध्ये, बाराव्या टॉलेमीच्या काळात बांधायला घेतले. त्याचा पुढचा सभामंडप रोमन सम्राट तिबेरियसच्या काळात पुरा झाला. या मंडपातले २४ खांब म्हणजे २४ प्रचंड सिस्ट्रम आहेत. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर चारही दिशांना देवीचा चेहरा आणि त्यावर देवळाच्या आकाराची चौकट. पुढे कधीतरी यातले बहुतेक चेहरे छिन्नीने खरवडून टाकले गेले. छताची काजळी अलीकडे साफ केल्यावर वरचा निळा रंग पुन्हा झळाळू लागला. त्याच्याखाली हे नाक-डोळे गेलेले चेहरे पाहताना जीव तुटतो. पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो देवळाच्या मागचा भाग. गाभाऱ्याच्या नेमक्या पाठीमागे, बाहेरच्या भिंतीवर, हाथोरचा एक मोठा चेहरा सिस्ट्रमच्या रूपात कोरला आहे. एकेकाळी तो सोन्याने मढवलेला होता आणि त्यावर छत्र होते. आत जायची परवानगी नसलेले सामान्य लोक इथे उभे राहून देवीला गाऱ्हाणे सांगत. मोठ्यांना आत जी देवी होती, ती बाहेरच्यांना सिस्ट्रमच्या रूपात भेटली. त्याच भिंतीवर सातवी क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सीझेरियन यांची प्रसिद्ध शिल्पे आहेत. प्रवासी त्यांची छायाचित्रे काढतात आणि मधल्या झिजलेल्या चेहऱ्याकडे बहुधा कोणी पाहत नाही.

ग्रीक आणि रोमन लेखकांची साक्ष जपून घ्यावी लागते. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोदोतस बुबास्तिसच्या यात्रेला नावेतून निघालेल्या बायकांचे वर्णन करतो. त्यांच्या हातात सिस्ट्रम होती असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. पण तो क्रोताला म्हणतो, म्हणजे एकमेकींवर आपटायच्या पट्ट्या. बुबास्तिसच्या मांजरमुखी बास्तेतच्या कांस्यमूर्तींच्या हातात सिस्ट्रम असते हे खरे, पण म्हणून हेरोदोतसच्या तोंडी ते घालू नये.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास प्लुटार्कने इसिस आणि ओसिरिसवरच्या आपल्या ग्रंथात सिस्ट्रमचा सविस्तर अर्थ लावला. सगळ्या वस्तू हलत्या राहिल्या पाहिजेत, हा त्याचा संदेश. त्याच्या आवाजाने टायफॉन, म्हणजे सेत, दूर पळतो. कमान म्हणजे चंद्राखालचे जग, चार सळया म्हणजे चार महाभूते, माथ्यावरची मांजर म्हणजे चंद्र, खालचे दोन चेहरे इसिस आणि नेफ्थिसचे, म्हणजे जन्म आणि मृत्यू. मांजर आणि चेहरे त्याने खरोखरच्या वाद्यावर पाहिले होते, कारण त्या काळातली अशी सिस्ट्रम आज संग्रहालयांत आहेत. दुष्टाला पळवण्याची गोष्टही जुन्या परंपरेशी जुळते. महाभूतांची मांडणी मात्र ग्रीक तत्त्वज्ञानातली आहे. लोकप्रिय पुस्तके तीच इजिप्शियन पुजाऱ्यांच्या तोंडी घालतात. ते थांबायला हवे.

याच सुमारास सिस्ट्रम इसिसच्या उपासनेबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरले होते. पाँपेईतले इसिसचे मंदिर इ.स. ६२ च्या भूकंपानंतर पुन्हा बांधले. १७६४ मध्ये ते उत्खननात सापडले. हर्क्युलेनियमच्या भित्तिचित्रात पुजारी पायऱ्यांवर उभे राहून सिस्ट्रम वाजवत आहेत आणि खाली भक्तांच्या दोन रांगा आहेत. अपुलेयसच्या कादंबरीच्या शेवटच्या भागात इसिसच्या मिरवणुकीत कांस्याची, चांदीची, सोन्याचीही सिस्ट्रम वाजतात. पण रोममध्ये याच वाद्याला शत्रूची खूण म्हणूनही वापरले गेले. व्हर्जिलच्या महाकाव्यात ॲक्टियमच्या लढाईत क्लिओपात्रा आपल्या फौजेला सिस्ट्रमने हाक मारते. रणशिंगाऐवजी बायकी खुळखुळा, असा तो टोमणा. इ.स.पू. ३१ च्या त्या लढाईनंतर जेत्यांनी उभी केलेली क्लिओपात्राची प्रतिमा अजून पुसली गेलेली नाही, आणि सिस्ट्रमचीही नाही.

सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात फिलेचे इसिस मंदिर बंद झाले. इजिप्तच्या कॉप्टिक चर्चने झांजा आणि ट्रायअँगल घेतले, सिस्ट्रम घेतले नाही. दक्षिणेत मात्र वाद्य जिवंत राहिले. नुबियात ते फार पूर्वीच पोहोचले होते : जेबेल बार्कल येथे ताहार्का राजाने इ.स.पू. सातव्या शतकात बांधलेल्या मूतच्या मंदिरात सिस्ट्रमच्या घाटाचे खांब आहेत. त्याहून दक्षिणेला इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्सेनात्सिल नावाचे सिस्ट्रम आजही उपासनेत आहे. सहाव्या शतकातल्या संत यारेदने घालून दिलेल्या गायनपरंपरेत दब्तरा म्हणवले जाणारे धर्मगायक एका हातात लांब काठी आणि दुसऱ्या हातात त्सेनात्सिल घेऊन, मोठ्या केबेरो ढोलाच्या साथीने डुलत गातात. हा वारसा थेट इजिप्तमधून आला की नुबियातल्या मेरोमार्गे, यावर वाद आहे. इथिओपियन भाविक मात्र तो कराराच्या कोशापुढे नाचणाऱ्या दावीद राजाशी जोडतात. त्यात हाथोर नाही आणि इसिसही नाही. पण देवासमोर उभे राहून, शब्दांच्या जोडीला हा छणछणाट द्यायची रीत तीच आहे.

इजिप्शियन वस्तूंच्या दालनात कधी गेलात आणि काचेआड सिस्ट्रम दिसले, तर एवढे जरूर पाहा. ते कांस्याचे आहे की फेअन्सचे? छिद्रे सळईपेक्षा मोठी आहेत का? मुठीवरच्या चेहऱ्याला गाईचे कान आहेत का, आणि कमानीवर मांजर बसली आहे का? या चार गोष्टींवरून ते वाजवण्यासाठी केले होते की वाहण्यासाठी, आणि हाथोरच्या देवळातले की इसिसच्या मिरवणुकीतले, याचा बराच अंदाज वाचक स्वतः बांधू शकतो.